गंजलेल्या पिस्तुलाचे मोल



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर 'जुन्या बंदुकांचे लिलाव' हा विषय वाचून गावात थोडी कुजबुज झाली, असे माझ्या कानावर आले आहे. काल ज्ञानेश्वरी, उद्या पाणीपुरवठा, आणि मध्येच हे बंदुकांचे काय काढले? शंका रास्त आहे. ज्या गावात वरातीतसुद्धा कोणी हवेत बार काढीत नाही, तिथे बंदुकांच्या बाजारभावाशी कोणाला कर्तव्य असणार? परंतु मला आज बंदुकांपेक्षा भावाबद्दल बोलावयाचे आहे. एखादी वस्तू जुनी झाली, निकामी झाली, तिचा मूळ उपयोग संपला, आणि तरीही माणसे तिच्यासाठी लाखो मोजतात. ती नेमके कशाचे पैसे मोजतात, हा प्रश्न बंदुकीच्या बाबतीत जितका उघडा पडतो तितका तो मूर्ती-चित्रांच्या बाबतीत पडत नाही. चित्र सुंदर असते, म्हणून महाग आहे असे म्हणून सुटका करून घेता येते. गंजलेल्या पिस्तुलाच्या बाबतीत ती पळवाट नाही.

पॅरिसमध्ये ३० नोव्हेंबर २०१६ रोजी क्रिस्टीज या लिलाव-पेढीने एक सहाबारी रिव्हॉल्व्हर विकावयास काढले. सात मिलिमीटर तोंडाचे, लफोशे पद्धतीचे. या पद्धतीत काडतुसाच्या कडेतून एक बारीक खिळा बाहेर आलेला असतो. घोडा त्या खिळ्यावर आपटला की बार उडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्स आणि बेल्जममध्ये अशी रिव्हॉल्व्हरे कांद्या-बटाट्यासारखी खपत. आजही जुन्या बाजारात साधा नग काही शे युरोंत मिळतो. या नगाला मात्र पेढीच्या तज्ज्ञांनी ५० ते ६० हजार युरोंचा अंदाज दिला होता, आणि प्रत्यक्षात दलालीसकट तो गेला ४ लाख ३४ हजार ५०० युरोंना. ह्याचे रुपये करण्याचे काम मी श्रोत्यांवर सोपवतो. विनिमयाचा दर रोज बदलतो आणि माझे गणित पूर्वीपासून कच्चे.

हे रिव्हॉल्व्हर फ्रेंच कवी पॉल व्हर्लेन याने १० जुलै १८७३ रोजी सकाळी ब्रुसेल्समध्ये २३ फ्रँकांना विकत घेतले, आणि त्याच दिवशी दुपारी हॉटेलच्या खोलीत आपला तरुण मित्र, कवी आर्तुर रँबो याच्यावर झाडले. दोन गोळ्यांपैकी एक रँबोच्या मनगटात लागली. व्हर्लेनला दोन वर्षांची कैद झाली. रँबोने पुढे लवकरच कविता लिहिणे सोडून दिले आणि तो आफ्रिकेत व्यापार करू लागला. फ्रेंच कवितेच्या अभ्यासकांना हा प्रसंग आपल्याकडच्या रसिकाला बालकवींचा अपघात ठाऊक असावा तसा तोंडपाठ असतो.

आता दुसरे रिव्हॉल्व्हर. तेही पॅरिसमध्येच, १९ जून २०१९ रोजी द्रुओ या लिलावगृहात विकले गेले. तेही लफोशे पद्धतीचे, तेही सात मिलिमीटरचे. परंतु हे इतके गंजलेले की दस्त्याचे लाकूड पार गेलेले, लोखंड खाऊन खाऊन पातळ झालेले. उव्हेरसुर्वाज नावाच्या खेड्यातल्या एका शेतकऱ्याला नांगरताना ते मातीत सापडले. याच खेड्यातल्या शेतात २७ जुलै १८९० रोजी व्हिन्सेंट व्हॅन गॉग या चित्रकाराने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि दोन दिवसांनी तो वारला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर गाशे यांनी गोळीचे जे वर्णन केले त्याच्याशी या रिव्हॉल्व्हरचे तोंड जुळते. ते जितकी वर्षे मातीत असावे असे परीक्षणात निघाले तो काळही जुळतो. २०१६ साली अॅम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने ते प्रदर्शनात मांडलेही होते. इतके असूनही हेच ते, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बोली थांबली, तेव्हा दलालीसकट आकडा होता १ लाख ६२ हजार ५०० युरो.

या दोन आकड्यांकडे जरा निवांतपणे पाहा. कवी आणि चित्रकार यांच्यात बाजारात मोठा कोण? याबद्दल वाद संभवतच नाही. ज्या डॉक्टर गाशेंचा मी आता उल्लेख केला, त्यांचे व्हॅन गॉगने काढलेले एक चित्र १९९० साली ८ कोटी २५ लाख डॉलरांना गेले. व्हर्लेनची सगळी हस्तलिखिते एकत्र केली तरी त्या रकमेच्या जवळपास जाणार नाहीत. तरीदेखील चित्रकाराच्या रिव्हॉल्व्हरला कवीच्या रिव्हॉल्व्हरच्या निम्मीही किंमत आली नाही. कारण, माझ्या मते, एकच. कवीच्या बाजूने पोलिसांचा पंचनामा आहे, न्यायालयाचे कागद आहेत, दुकानदाराच्या वहीतली नोंद आहे. ते शस्त्र खटल्यानंतर त्याच दुकानात परत गेले, आणि दुकान बंद झाले तेव्हा १९८१ साली एका संग्राहकाकडे गेले. म्हणजे हातांची साखळी कुठेही तुटलेली नाही. चित्रकाराच्या बाजूने माती आहे आणि 'असावे' हे एक क्रियापद आहे. 'आहे' आणि 'असावे' यांच्यामधले अंतर व्याकरणात लहान असेल. लिलावात ते अडीच लाख युरोंहून अधिक भरते.

अमेरिकेतही हेच दिसते, फक्त तिथे सगळेच आकडे फुगीर. बॉनहॅम्स या पेढीने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजेलिसला एक कोल्ट रिव्हॉल्व्हर विकले: ६० लाख ३० हजार डॉलर. जगात कुठल्याही बंदुकीला वा पिस्तुलाला लिलावात तोवर इतकी किंमत आलेली नव्हती. अंदाज होता २० ते ३० लाखांचा. हे शस्त्र पॅट गॅरेट नावाच्या शेरीफचे. शेरीफ म्हणजे आपल्याकडच्या फौजदाराचा मोठा भाऊ समजा. १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनर येथे याच शस्त्राने त्याने 'बिली द किड' या एकवीस वर्षांच्या दरोडेखोराला अंधाऱ्या खोलीत ठार केले. गंमत अशी, की हे रिव्हॉल्व्हर मुळात गॅरेटचेही नव्हे. काही महिने आधी बिलीच्या टोळीतल्या एका साथीदाराला पकडले, तेव्हा त्याच्याजवळचे त्याने काढून घेतले होते. पुढे ते एल पासो गावातल्या एका मद्यगृहात भिंतीवर गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी ठेवलेले असे. गॅरेट मेला, मद्यगृहाचा मालकही मेला, तेव्हा गॅरेटच्या विधवेने ते परत मिळावे म्हणून दावा लावला आणि तो जिंकला. त्या बाईला कल्पनाही नसेल, पण त्या निकालपत्राने तिने एका लोखंडाच्या तुकड्याला पुढच्या शतकात साठ लाखांची लायकी मिळवून दिली. कोणीतरी भांडले, म्हणून कागद झाला. कागद झाला, म्हणून शंका उरली नाही.

जिथे कागद नसतो तिथे काय होते, याबद्दल अमेरिकेत एक दंतकथा सांगतात. बॅट मास्टरसन हा पश्चिमेकडचा नामांकित बंदूकबाज म्हातारपणी न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्राचे काम करीत असे. लोक त्याच्याकडे येऊन "तुमचे ते जुने पिस्तूल विकत द्या" म्हणून पिच्छा पुरवीत. तो मग सावकारी दुकानातून एखादे जुने कोल्ट आणी, मारलेल्या माणसांच्या हिशेबाच्या म्हणून दस्त्यावर खाचा पाडी आणि ते देऊन टाकी. कथा खरी की खोटी हे सोडून द्या. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर 'प्रत्यक्ष' अमुक महाराजांच्या खडावा किती ठिकाणी दाखवतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ती पटायला अडचण पडू नये.

म्हणूनच तिकडे संग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो कागदाचा. कोल्ट कारखान्याच्या जुन्या खातेवह्यांत प्रत्येक शस्त्राचा क्रमांक, ते कोणत्या दिवशी, कोणत्या दुकानाकडे रवाना झाले, त्याला कशी झिलई होती, हे लिहिलेले आहे. फी भरली की कारखाना त्याचे पत्र देतो. विंचेस्टर कंपनीच्या वह्या वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या संग्रहालयात आहेत. तिथूनही असे पत्र मिळते. तुमच्या हातातली रायफल एकशे चाळीस वर्षांपूर्वी जशी बाहेर पडली तशीच आज आहे, एवढे त्या पत्राने सिद्ध झाले की तिचा भाव वाढतो.

'तशीच' हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंच लावून लखलखीत करणे हे सुगरणीचे लक्षण. बंदुकांच्या बाजारात हाच गुण अवगुण ठरतो. पोलादावर कारखान्यात दिलेली निळी झाक, उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेले ते मोरपिशी डाग, दस्त्यावरचे मूळचे रोगण, हे जितके शिल्लक तितकी किंमत. एखाद्या हौशी नातवाने आजोबांची बंदूक वाळूकागदाने घासून नवी करकरीत केली, की त्याने बहुधा निम्म्याहून अधिक किंमत त्याच दुपारी घासून टाकलेली असते. सॅम्युएल कोल्टने १८४७ साली वॉकर नावाचे दणकट रिव्हॉल्व्हर केले. त्याचे वजन सुमारे दोन किलो. खिशात ठेवण्याची सोय नाही, घोड्याच्या जिनालाच अडकवायचे. एकूण ११०० नग. त्यांतले १००० सैन्याला गेले, १०० बाहेर विकले. काहींची चक्रे दारूच्या जोराने फुटली, काही युद्धात गमावली. त्या बाहेरच्या शंभरांतला एक नग एका डॅनिश जहाजाच्या कप्तानाने घेऊन घरी नेला. लाकडी पेटी, साधने, सगळे जागच्या जागी राहिले. २०१८ साली रॉक आयलंड या अमेरिकन पेढीत तो १८ लाख ४० हजार डॉलरांना गेला. त्याने कोणालाही मारल्याची नोंद नाही. खरे सांगायचे तर सगळ्या महागड्या शस्त्रांत मला हेच सर्वांत सज्जन वाटते.

आता मागणीकडे वळू. ही हौस येते कुठून? पुष्कळशी चित्रपटांतून येते, असे म्हणावे लागेल. विंचेस्टर कंपनीने १८७० नंतरच्या दशकात आपल्या १८७३ च्या रायफलींतल्या अचूक निघालेल्या नळ्या निवडून 'हजारांत एक' असे नाव कोरून त्या जादा किमतीला विकल्या. जेमतेम १३६ झाल्या आणि लोक त्या विसरूनही गेले. १९५० साली जेम्स स्ट्युअर्टचा 'विंचेस्टर ७३' हा चित्रपट आला. त्याची गोष्टच या एका रायफलीची. चित्रपट कंपनीने जाहिराती देऊन खऱ्या 'हजारांत एक' रायफली कोणाकडे आहेत याचा शोध घेतला, आणि माळ्यांवरून, कोठारांतून वीसहून अधिक निघाल्या. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी केलेली ही युक्ती बंदुकांच्या बाजाराला कायमची चिकटली. तेव्हापासून त्या रायफलीचा भाव साध्या रायफलीच्या कित्येक पटींनी वर राहिला.

पुढे तर बंदूक खरी असण्याचीही गरज उरली नाही. 'स्टार वॉर्स' चित्रपटात हॅन सोलो नावाच्या पात्राच्या हातात जे काल्पनिक अस्त्र आहे, जर्मन माउझर पिस्तुलावर दुर्बीण-बिर्बीण बसवून केलेले, ते ऑगस्ट २०२२ मध्ये १० लाख ५७ हजार ५०० डॉलरांना गेले. जेम्स बाँडच्या जाहिरात-छायाचित्रासाठी नटाच्या हाती ऐन वेळी एक छर्ऱ्याचे पिस्तूल देण्यात आले होते, कारण खरे आणायचे राहून गेले होते. ते २०१० साली लंडनमध्ये २ लाख ७७ हजार २५० पौंडांना विकले गेले. जत्रेत फुगे फोडतात तसले हत्यार ते! तेव्हा शस्त्राचा दर्जा आणि किंमत यांचा संबंध श्रोत्यांनी मनातून काढून टाकावा, हे उत्तम.

हौसेला ओहोटीही लागते. १९०७ साली अमेरिकन सैन्याने पॉइंट पंचेचाळीसच्या स्वयंचलित पिस्तुलांची चाचणी घेतली, तेव्हा जर्मन कारागीर गेऑर्ग लुगर याने आपल्या पिस्तुलाचे अगदी मोजके नग त्या मापात करून नेले. कंत्राट मिळाले नाही. पुढे ब्राउनिंगच्या आराखड्याचे कोल्ट पसंत झाले. त्या मोजक्या नगांतला क्रमांक दोनचा नग 'दहा लाखांचे लुगर' या नावाने संग्राहकांत प्रसिद्ध होता, कारण १९८९ साली तो दहा लाख डॉलरांना गेल्याचे सांगत. २०१० साली तो उघड लिलावात आला आणि ४ लाख ९४ हजार ५०० डॉलरांवर थांबला. लिलावाचा भाव हा दोन माणसांच्या इर्षेचा भाव असतो. दोघांतला एक त्या दिवशी आजारी पडला, किंवा त्याचे शेअर घसरले, की इतिहासाचे मोल निम्मे! पेढ्या अंदाज मुद्दाम कमी ठेवतात तेही यासाठीच. स्वस्तात मिळेल या आशेने चार माणसे जास्त येतात आणि मग मागे हटायला लाजतात.

कायदाही भाव ठरवतो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने १८९८ पर्यंत झालेली शस्त्रे 'पुरातन' ठरली आणि त्यांच्यावरचे निर्बंध सैल झाले. उलट १९८६ साली तिथे खासगी नागरिकांसाठी नव्या मशीनगनांची नोंदणी बंद झाली; जितक्या नोंदल्या होत्या तितक्याच राहिल्या, आणि साहजिकच त्यांच्या किमती चढत गेल्या. पुरवठ्याला कुलूप लावले की माल सोन्याचा होतो, हे आपल्या घाऊक व्यापाऱ्यांना मी सांगायला नको.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळणे मला बरे वाटत नाही. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसच्या पोलीस-कचेरीच्या तळघरात जॅक रुबी या माणसाने, अध्यक्ष केनेडींच्या खुनाचा आरोप असलेल्या ऑस्वाल्डला गोळी घातली. त्याचे कोल्ट रिव्हॉल्व्हर मूळ साडेबासष्ट डॉलरांचे. वारसांतला कज्जा बरीच वर्षे चालला आणि अखेर १९९१ साली ते २ लाख २० हजार डॉलरांना विकले गेले. एका बेड्या घातलेल्या माणसाचा सगळ्या जगासमोर खून, आणि त्या खुनाने हत्याराची किंमत साडेतीन हजार पट! ही गोष्ट संग्रहाची म्हणायची की विकृतीची? मी स्वतः असल्या वस्तूला घरात जागा देणार नाही. पण ती वस्तू नष्ट करावी असेही मी म्हणणार नाही. ती सार्वजनिक संग्रहालयात, पुराव्यांच्या शेजारी असावी. खासगी तिजोरीत असावी यात मला खोट वाटते. तिजोरीत ती पराक्रमाची निशाणी होऊन बसते, संग्रहालयात ती साक्षीदार राहते.

आता आपल्या बाजूला येऊ. बंदुका नावाने विकल्या जातात, तशा वजनानेही विकल्या जातात. काठमांडूच्या जुन्या लगन शिलेखान्यात नेपाळच्या राण्यांच्या राजवटीपासूनचा शस्त्रसाठा पडून होता: ठासणीच्या ब्राउन बेस, ब्रन्सविक, मार्टिनी-हेन्री, शिवाय नेपाळातच घडवलेल्या गहेंद्र रायफली. २००३ साली अमेरिकेतल्या दोन व्यापारी कंपन्यांनी तो सगळाच्या सगळा उचलला. पन्नास हजारांहून अधिक बंदुका, वजन ४३० टन. समुद्रमार्गे अमेरिकेला गेल्या, धूळ पुसली गेली, आणि टपालाने घरोघर पोचल्या. परिणाम असा झाला की मार्टिनी-हेन्रीसारखी रायफल सामान्य हौशी माणसाच्याही आवाक्यात आली. कोणत्या गुरख्याने ती कुठे वाहिली, कोणत्या पलटणीने ती कोणत्या चढाईत वापरली, हे मात्र टनांच्या हिशेबात हरवले. व्हर्लेनच्या २३ फ्रँकांची नोंद राहिली. पन्नास हजार शिपायांची राहिली नाही.

आणि टिपू सुलतान. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि कंपनीच्या फौजेने लूट केली. त्या लुटीची एक समिती होती. तिने खजिना मोजून, याद्या करून, हुद्द्याप्रमाणे वाटे पाडले. (या मोहिमेत पेशवे सामील नव्हते, हे जाता जाता सांगून ठेवतो, सात वर्षांपूर्वीच्या मोहिमेत होते.) टिपूच्या कारखान्यातल्या बंदुका ओळखायला सोप्या. वाघाच्या अंगावरचे पट्टे, नळीवर सोन्याने भरलेले शिक्के, आणि टिपूने स्वतः सुरू केलेल्या मौलूदी सनाचे वर्ष, ज्याचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. चकमकीच्या जमान्यात एकाच नळीत दोन बार एकामागे एक भरून ते वेगवेगळे उडवण्याची करामत त्याच्या कारागिरांनी साधली होती. अशीच एक दुबारी शिकारी बंदूक एप्रिल २०१५ मध्ये लंडनला ७ लाख २२ हजार ५०० पौंडांना गेली. त्याच विक्रीत त्याची वाघमुखी रत्नजडित तलवार २१ लाख ५४ हजार ५०० पौंडांना. मे २०२३ मध्ये त्याच्या शयनगृहातल्या तलवारीला १ कोटी ४० लाख पौंड आले. ही तलवार जनरल बेअर्डला नजर केल्याचे लेख होते.

मला यातली बोच अशी वाटते, की या वस्तूंना जगात जी किंमत येते ती लुटीच्या यादीमुळे येते. लुटणाऱ्याने पावती ठेवली. ती पावती हाच आज सर्वांत भक्कम पुरावा. त्याच काळातली, तितकीच सुंदर, पण लुटली न गेलेली, एखाद्या सरदाराच्या वाड्यात राहिलेली बंदूक मात्र बिनकागदाची, म्हणून बिनकिमतीची. घरी राहिली हाच तिचा दोष.

त्या देशांना या वस्तूंचे मोल कळते, हे मान्य केले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये फाँतेनब्लो येथे नेपोलियनच्या दोन पिस्तुलांचा लिलाव झाला. १८१४ साली राज्यत्याग करताना त्याने ज्यांनी जीव द्यायचे योजले होते, ती ही. जवळच्या माणसांनी त्यांतली दारू आधीच काढून ठेवली होती. ती त्याने आपल्या विश्वासू कोलँकूरला दिली आणि त्याच्या वंशात राहिली. किंमत आली सुमारे १६ लाख ९० हजार युरो. पण विक्रीपूर्वीच फ्रेंच सरकारने ती 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून जाहीर केली आणि देशाबाहेर नेण्यास अटकाव केला. फ्रान्सने फ्रेंच सम्राटाची पिस्तुले अडवली, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. २०२३ साली टिपूच्या एका शिकारी बंदुकीला, किंमत २० लाख पौंड, ब्रिटिश सरकारनेही असाच तात्पुरता अटकाव केला: ती ब्रिटन सोडून जाऊ नये, राष्ट्रासाठी वाचावी, म्हणून! कोणत्या राष्ट्रासाठी, हा प्रश्न तिथल्या कोणी विचारला की नाही कोण जाणे.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी पुराणवस्तू परदेशी नेता येत नाही. परंतु तोवर संस्थाने विलीन होऊन पंचवीस वर्षे झाली होती, तनखे १९७१ मध्ये बंद झाले होते, आणि पर्डी, हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कारखान्यांकडून राजेरजवाड्यांनी करवून घेतलेल्या कितीतरी बंदुका बाहेर गेल्या होत्या. त्या आज अधूनमधून लंडन-अमेरिकेच्या यादीत 'अमुक महाराजांची' म्हणून दिसतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार लंडनच्या सोदबीज पेढीत निघाली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती सर्व खर्चासह ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. चांगले झाले. पण ती ओळखता आली कशावरून? पात्यावर देवनागरीत नाव होते म्हणून. बिननावाच्या शंभर तलवारी त्याच वाटेने गेल्या असतील.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, आमच्याही माळ्यावर एक तोड्याची बंदूक आहे बुवा. तिचे किती येतील? स्पष्ट सांगतो: बहुधा फारसे येणार नाहीत. आणि आधी कायदा पाहा. १९५९ च्या शस्त्रकायद्यात कलम ४५ प्रमाणे जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले वा मोडके हत्यार सुटते, पण ते दुरुस्त करूनही बार काढण्यालायक होत नसेल तरच. चालू शकणारी बंदूक, मग ती पणजोबांची असो, परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. शंका असेल तर जिल्हा कचेरीत विचारावे. ती घासू नये, रंगवू नये, भंगारवाल्याला किलोवर देऊ नये, आणि चालते की नाही हे पाहायला दारू तर मुळीच भरू नये. तिच्याबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जे आठवते ते आजच, त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून काढावे. 'पेशवाईतली आहे' एवढे पुरेसे नाही. कोणाकडून आली, कोणत्या साली, कोण वापरीत असे, परवाना कोणाच्या नावे होता, हे हवे. १८७८ चा शस्त्रकायदा आला तेव्हापासूनचे परवान्याचे कागद काही घरांत अजून सापडतात. वाळवीने खाल्लेले असले तरी ते बंदुकीपेक्षा जपून ठेवावेत.

संस्थानांच्या शिलेखान्यांचे कागद तर आहेतच. पुण्याचे पेशवे दफ्तर, कोल्हापूरचे पुराभिलेखागार, इथले रुमाल मोडीत आहेत. कोणती बंदूक कोणाकडून किती रुपयांना घेतली, कोणाला इनाम दिली, कोणत्या लोहाराकडे दुरुस्तीला पाठवली, अशा नोंदी दफ्तरांत असतात. कोडीच्या संग्रहालयातला कारकून वही उघडून पत्र लिहून देतो, तेच काम आपल्याकडे व्हायचे तर आधी रुमाल सोडणारे आणि मोडी वाचणारे हात पाहिजेत. आपल्या तालुक्यात मोडी सफाईने वाचणारे आज किती आहेत, हे मी गेल्या आठवड्यात मोजून पाहिले. तिघे निघाले, त्यांतले दोघे सत्तरीपुढचे आहेत, आणि तिसरे समोर दुसऱ्या रांगेत बसले आहेत. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी व्याख्यानानंतर त्यांना भेटावे. त्यांनी तशी परवानगी दिली आहे.